प्रौढ दिव्यांगासाठी निवासी संस्था पारखताना काय बघावे, काय विचारावे

संस्था बघायला सकाळी अकराला जाऊ नका. त्या वेळी फरशी पुसून झालेली असते, 'मुलं' अंघोळ करून ओळीने बसलेली असतात (चाळिशीतल्या माणसालाही तिथे मुलगाच म्हणतात) आणि कार्यालयात चहा उकळत असतो. पहिली खेप संध्याकाळी साडेसातची ठेवा, म्हणजे जेवण दिसेल. दुसरी पहाटे सहाची, रात्रपाळी सुटायच्या आधीची. तिसरी रविवारी दुपारी, कारकून आणि संस्थाचालक दोघंही नसताना. या तीन खेपांत जे दिसतं ती खरी संस्था.

या खेपा आधी न कळवता करायच्या, म्हणून पहिल्यांदा आत घेतलं नाही तर राग धरू नका. तिथे बायका-मुलीही राहतात, फाटकावर विचारपूस झालीच पाहिजे. पण ओळखपत्र दाखवून, कारण सांगून, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेलाही कार्यालयाच्या पुढे जाऊ देत नसतील तर ती संस्था यादीतून काढा.

ही माहिती अठरा ओलांडलेल्यांसाठी आहे: बौद्धिक अक्षमता, सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बहुविकलांगता, मणक्याला मार लागून पाय गेलेले. मराठवाड्यात लहान मुलांची निवासी शाळा शोधणं त्या मानाने सोपं. लेकरू अठराचं झालं की शाळा घरी पाठवते आणि तिथून खरा घोर सुरू होतो. आई-बाप साठीला आलेले असतात, किंवा बीड-धाराशिवकडची जोडपी दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेली असतात आणि पंचवीस वर्षांचा मुलगा आजीच्या भरवशावर राहतो. अशा घाईत संस्था निवडली की नेमकी चूक होते. निदान सहा महिने आधी शोध सुरू करा.

आधी घरी बसून एक कागद करा

माणसाचं निदान प्रमाणपत्रावर असतंच. संस्थेला लागतं ते वेगळं. एका पानावर लिहा: लघवी लागली तर तो काय करतो, तहान लागली तर काय करतो, कुठे दुखलं तर कसा वागतो. भाकरी कुस्करून लागते का, चहाने ठसका लागतो का. फिट कशी येते, किती मिनिटं टिकते, शेवटची कधी आली. कशाला भितो: कुकरची शिट्टी, डीजे, कुत्रं, अंधार. कशाने शांत होतो. घरी दखनी, गोरमाटी (बंजारा बोली), तेलुगू किंवा कानडी बोलत असाल तर त्याला कळणारे वीस-पंचवीस शब्द मराठी अर्थासह लिहून द्या. देगलूर, उमरग्याकडच्या घरांत ही अडचण हमखास येते. पोरगं 'नीळ्ळु' म्हणत राहतं आणि आयाला ते पाणी मागतंय हे कळत नाही.

हा कागद हातात धरूनच संस्थेत प्रश्न विचारा. 'चांगली काळजी घेता का?' याला सगळेच हो म्हणतात. 'याला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, रात्री दोन वाजता कोण वळवेल?' याचं उत्तर नाव घेऊन द्यावं लागतं.

ज्याला जायचं आहे त्यालाही विचारा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चं कलम ५ सांगतं की दिव्यांगाला समाजात राहायचा हक्क आहे आणि अमुकच ठिकाणी राहा अशी सक्ती त्याच्यावर करता येत नाही. बोलता न येणाऱ्यालाही मोबाइलवर खोलीचे, जेवणाच्या जागेचे, तिथल्या माणसांचे फोटो रोज दाखवले की चार-आठ दिवसांत त्याचा कल कळतो.

कागदपत्रं: नोंदणी म्हणजे कोणती नोंदणी?

इथे लोक सर्वांत जास्त फसतात. 'आमची संस्था नोंदणीकृत आहे' असं म्हणून जो कागद दाखवला जातो त्यावर 'महा/' आणि 'एफ-' असे क्रमांक असतात. ती सोसायटी आणि सार्वजनिक न्यास म्हणून झालेली नोंदणी. गणेश मंडळाचीही तशी असू शकते. दिव्यांगांना ठेवायला २०१६ च्या अधिनियमाच्या कलम ५० खाली स्वतंत्र नोंदणी प्रमाणपत्र लागतं, आणि ते दर्शनी भागात लावणं कायद्यानेच बंधनकारक आहे. ते मागावं लागलं, हीच पहिली खूण.

प्रमाणपत्रावरच्या पाच गोष्टी वाचा: मुदत, मंजूर क्षमता, वयोगट, स्त्री की पुरुष, दिव्यांगत्वाचा प्रकार. सहा ते अठरा वयोगटाच्या निवासी शाळेच्या प्रमाणपत्रावर पस्तिशीची माणसं ठेवलेली असतील तर तपासणीच्या आदल्या दिवशी त्यांना घरी पाठवलं जातं आणि तुमच्या दारात रिक्षा येऊन उभी राहते. मंजूर क्षमता ४० आणि ताटं ५५ असतील तर वाढीव १५ माणसांची नोंद कुठेच नसते. उद्या काही झालं तर तुमचा माणूस तिथे होता हे सिद्ध करणंही अवघड. म्हणून ताटं मोजा, पलंग मोजा, हजेरीपटाशी ताडून बघा.

मनोरुग्णांना ठेवणाऱ्या संस्थांचा कायदा वेगळा आहे: मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७, आणि त्यासाठी राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं. मराठवाड्याच्या वाट्याला त्यातलं एकही आलं नाही. त्यामुळे आपल्याकडे स्किझोफ्रेनियाचा रुग्ण आणि बौद्धिक अक्षमता असलेला माणूस एकाच दालनात, एकाच गोळीवर ठेवण्याची वाईट सवय दिसते. दोघांच्या गरजा वेगळ्या. असं मिश्रण दिसलं तर दोन्ही नोंदण्या मागा.

आता पालकत्व. मूल अठराचं झालं की आई-बाप आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार प्रकारांसाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समिती पालक नेमते. पालक झालेल्याने सहा महिन्यांच्या आत त्या माणसाच्या मालमत्तेची यादी सादर करायची असते, आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशोब. हे काम संस्थेत घालण्याआधी उरका. पालकत्वाचा आदेश हातात नसला की शस्त्रक्रियेच्या संमतीपासून बँक खात्यापर्यंत सगळं अडतं, आणि मग सोय म्हणून संस्थाचालकच पालक होतो. जो सांभाळतो, जो पैसे घेतो आणि जो सही करतो ते तिघं एकच असू नयेत.

पाणी आणि ऊन

इमारतीबद्दल थोडक्यात. व्हीलचेअर जायला दार ९०० मिलिमीटर रुंद हवं, वळायला दीड मीटर मोकळी जागा. उताराचं प्रमाण १:१२, म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबी. घसरगुंडीसारखा सिमेंटचा उतार हा फक्त फोटोपुरता. संडासाचं दार बाहेर उघडणारं हवं, आत माणूस दाराला टेकून पडला तर ढकलता येत नाही. पायावर उभं न राहणारी माणसं तळमजल्यालाच. १९९३ चा किल्लारीचा भूकंप ज्यांनी पाहिला त्यांना वेगळं सांगायला नको. रात्री कुलूप लागत असेल तर किल्ली कोणाच्या खिशात असते ते विचारा, आणि त्या माणसाला ती काढून दाखवायला लावा.

पाण्यावर मात्र बसून हिशोब करा, कारण मराठवाड्यात स्वच्छतेची गाडी नेमकी तिथेच रुतते. जलजीवन मिशनचा निकष माणशी ५५ लिटरचा, तो घरातल्या धडधाकट माणसासाठी. संस्थेत आम्ही असा अंदाज धरतो: स्वतःचं स्वतः करणाऱ्याला ७५ लिटर, आणि अंथरुणातच लघवी-शी होणाऱ्याला १५०, कारण त्याची दोनदा अंघोळ आणि रोजची चादर-कपडे त्यात येतात. तीस माणसांत अशी दहा असतील तर १,५०० अधिक १,५००, स्वयंपाक आणि फरशीला ५००, झाले दिवसाला ३,५०० लिटर. दहा हजार लिटरचा टँकर तीन दिवसही पुरत नाही. मे महिन्यात टँकर किती दिवसांनी येतो आणि साठवण किती आहे ते विचारा. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा वर्षी कोणती काटकसर करणार? उत्तर 'अंघोळ एक दिवसाआड' असेल तर चालेल. 'पाणी प्यायला जरा कमी देतो, म्हणजे चादरी भिजत नाहीत' असं असेल तर अजिबात चालणार नाही. हे दुसरं उत्तर कोणी तोंडाने देत नाही, पण सुकलेले ओठ आणि गडद पिवळी लघवी ते सांगून जातात.

परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो, पत्र्याखाली त्याहून जास्त. इथे औषधांचा संबंध येतो. हॅलोपेरिडॉल, ओलान्झापिनसारखी मानसिक आजारावरची औषधं आणि त्यांच्या जोडीला दिली जाणारी ट्रायहेक्सिफेनिडिल घाम येण्याचं आणि अंग थंड ठेवण्याचं काम बिघडवतात. लिथियम घेणाऱ्याच्या अंगातलं पाणी कमी झालं की औषधाची रक्तातली पातळी विषारी होते. हात थरथरणं, उलट्या, झोकांड्या ही त्याची लक्षणं. मानेच्या किंवा छातीच्या वरच्या मणक्याला मार लागलेल्याला जखमेच्या पातळीखाली घामच नीट येत नाही. म्हणून अशा माणसांच्या खोलीत भिंतीवर थर्मामीटर हवा, आणि मार्च ते जून प्रत्येकाने किती पाणी घेतलं याची पेल्यांत नोंद. कूलर आहे एवढ्याने भागत नाही. कूलरला पाणी लागतं, आणि टंचाईत सर्वांत आधी तोच कोरडा पडतो.

माणसं किती, आणि रात्री किती

'आमच्याकडे अठरा कर्मचारी आहेत' हे वाक्य ऐकून खूश होऊ नका. त्यात मुख्याध्यापक, कारकून, स्वयंपाकी, वाहनचालक, शिपाई मोजलेले असतात. तुम्हाला हवे ते काळजीवाहक, आया, मदतनीस, म्हणजे ज्यांचा हात माणसाच्या अंगाला लागतो ते. गणित असं मांडा. तीस रहिवासी, दिवसाच्या दोन पाळ्यांत प्रत्येकी चार आणि रात्री दोन काळजीवाहक: रोजच्या दहा पाळ्या, आठवड्याच्या सत्तर. एक माणूस आठवड्याला सहा पाळ्या करतो, म्हणजे बारा माणसं. रजा-आजारपण धरून तेरा. कोणी सहा काळजीवाहकांत हेच चालवतो म्हणत असेल तर एक तर रात्री कोणी नसतं, किंवा तीच सहा माणसं चोवीस तास तिथेच राहतात. झोप न झालेला माणूस चिडतो, आणि पहिला फटका तिथेच बसतो.

रात्रीचा माणूस जागा असतो की तिथेच झोपलेला असतो, हे स्पष्ट विचारा. 'हाक मारली की उठतो' हे हाक मारता न येणाऱ्याच्या काय कामाचं?

काळजीवाहक किती वर्षं टिकतात तेही विचारा. दर तीन महिन्यांना नवे चेहरे असतील तर पगार रखडतात असं समजा. विशेष शिक्षक आणि वाचा-उपचारतज्ज्ञाकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो, तो बघायला मागा. आणि कान उघडे ठेवा: पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला 'दत्ताभाऊ' म्हणतात की 'ए फिटवाल्या'? संस्थेचा कारभार या एका हाकेत बराच कळतो.

ताट, पोट, कातडी, दात

जेवताना शेजारी बसा. प्रत्येकाला घास गिळायला वेळ मिळतो का? एक आया चार जणांना एकाच चमच्याने, उभ्यानेच भरवत असेल तर अन्न श्वासनलिकेत जाणारच. भरवणाऱ्याने समोर, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसायचं. खाणाऱ्याची पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली. जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. आपल्याकडची कोरडी ज्वारीची भाकरी, शेंगदाणे, लाह्या, चिवडा हे गिळायला त्रास असणाऱ्याच्या घशात अडकणारे पदार्थ. पातळ वरणात भाकरीचे तुकडे सोडून देणं आणखी वाईट: पातळ आधी घशात उतरतं, तुकडा मागे राहतो आणि ठसका लागतो. भाकरी दुधात किंवा वरणात भिजवून, गुठळी न ठेवता, एकजीव करून द्यावी. वारंवार न्यूमोनिया होणारा माणूस बऱ्याचदा छातीचा नाही, गिळण्याचा रुग्ण असतो. घास अडकून आवाज बंद झाला तर पाठीवर दोन्ही खांद्यांच्या मध्ये पाच जोरदार थापा, मग मागून मिठी घालून बेंबीच्या वर पाच झटके, असं आलटून पालटून. हे आयाला करून दाखवायला सांगा, तोंडी उत्तर घेऊ नका.

वजन दर महिन्याला, त्याच काट्यावर, वहीत. एका महिन्यात पाच टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के घट म्हणजे डॉक्टर गाठायचा. ६० किलोचा माणूस ५७ वर आला तर 'उन्हाळ्यात होतंच तसं' हे कारण ऐकून घेऊ नका. उभं राहता येत नाही म्हणून वजनच नाही, असंही चालत नाही. काळजीवाहकाने कडेवर घेऊन काट्यावर उभं राहायचं आणि स्वतःचं वजन वजा करायचं. कडेवर घेता येत नसेल तर दंडाचा घेर फितीने मोजायचा.

शौचाची नोंद लोकांना हसण्यासारखी वाटते, पण ती नसली की माणसं मरतात. फिटच्या आणि मानसिक आजाराच्या अनेक औषधांनी पोट साफ होत नाही. क्लोझापिनने तर आतड्याची हालचालच थांबू शकते. तीन दिवस झाले नाही तर नोंद लाल शाईने आणि इलाज त्याच दिवशी. एक खोड लक्षात ठेवा: कडक मळ अडकून बसला की त्याच्या बाजूने पातळ गळतं आणि 'जुलाब लागलेत' म्हणून उलटंच औषध दिलं जातं.

झोपून असणाऱ्याला दर दोन तासांनी वळवायचं, खुर्चीत बसणाऱ्याचं अंग पंधरा ते तीस मिनिटांनी उचलून भार हलवायचा. माकडहाड, टाचा, खुबे आणि कानामागे रोज बघायचं. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. म्हणून आजूबाजूपेक्षा काळसर, गरम किंवा कडक झालेली जागा बोटाने शोधायची. गोऱ्या अंगावर लाल डाग दाबल्यावर पांढरा पडत नसेल तर व्रण सुरू झाला. टाचेखाली रबरी रिंग ठेवू नये, ती भोवतालचा रक्तपुरवठा तोडते. पोटरीखाली उशी घालून टाच अधांतरी ठेवावी. घरून वाकळ देऊ नका. मायेची असते, पण ती धुऊन वाळत नाही. रेक्झिनच्या खोळीची गादी आणि चार सुती चादरी द्या.

फिट आली की वेळ लावायची, कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काही ठेवायचं. कांदा, चप्पल, तोंडात चमचा, पाणी, यातलं काहीही नाही. पाच मिनिटांवर गेली तर १०८. फिटच्या गोळ्यांचा साठा संपायच्या निदान दहा दिवस आधी मागवायचा, कारण गोळी अचानक तुटली की न थांबणारी फिट येते. 'दिवाळीला घरी गेला आणि गोळ्या संस्थेतच राहिल्या' हा प्रकार दर वर्षी घडतो. फिटवरच्या फेनिटॉइनने हिरड्या वाढतात, त्यावर अन्न साचतं, दात किडतात. बोलता न येणारा माणूस एकाएकी डोकं आपटू लागला तर मनोविकारतज्ज्ञाआधी दाताचा, कानाचा डॉक्टर दाखवा आणि पोट तपासा.

अंगाला खरजेची खाज दिसली तर एकट्यावर इलाज करून भागत नाही. पाच टक्के परमेथ्रिन मलम मानेखाली सर्वांगाला, रात्रभर, आणि पुन्हा आठवड्याने. खोलीतल्या सगळ्यांना आणि काळजीवाहकांनाही त्याच रात्री. कपडे-चादरी गरम पाण्याने. एक जरी सुटला तरी महिन्यात खरूज परत येते.

बांधणं आणि गुंगीत ठेवणं

रविवारी दुपारी दोन वाजता अख्खं दालन गाढ झोपलेलं असेल तर समाधान मानू नका. औषधाची वही मागा. प्रत्येक गोळीसमोर निदान, डॉक्टरचं नाव, सुरू केल्याची तारीख आणि पुन्हा तपासणीची तारीख हवी. 'आरडाओरडा करतो म्हणून' हे निदान नाही. गोळ्यांचा साठा मोजा आणि वहीशी जुळवा. महिन्याच्या सगळ्या सह्या एकाच पेनाने, एका बैठकीत केलेल्या लगेच ओळखू येतात.

मारामारी, ओरबाडणं झालं तर काय करता, हा प्रश्न तिथल्या आयाला विचारा, संचालकाला नको. चांगल्या संस्थेत तीन रकान्यांची नोंद सापडते: आधी काय घडलं, याने काय केलं, नंतर काय झालं. पंधरा दिवसांच्या नोंदी एकाखाली एक वाचल्या की कारण समोर येतं: जेवणाला उशीर, शेजारी बदलला, पाळी यायच्या आधीचे दिवस. साखळीने बांधणं मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाच्या कलम ९५ ने कुठल्याही स्वरूपात बंद केलं आहे. तमिळनाडूतल्या एरवाडीत मनोरुग्णांच्या आश्रयस्थानाला ६ ऑगस्ट २००१ ला आग लागली तेव्हा साखळदंडात अडकलेली २८ माणसं जळून गेली. बाजेच्या पायाला सुती ओढणीने बांधलं तरी आगीत परिणाम तोच. मनगट आणि घोटे बघा. कातडीवरचे गोल काळे पट्टे लपत नाहीत.

बायका-मुली

स्त्रियांच्या दालनात रात्री स्त्री काळजीवाहकच, आणि त्याही दोन. एकटीवर दबाव आणता येतो. अंघोळ-कपडे पुरुषाच्या हातून होता कामा नयेत. पाळीची नोंद प्रत्येकीची, दर महिन्याची. ती चुकली आणि कोणाच्या लक्षात आलं नाही असं होऊ नये.

'पाळीचा त्रास नको म्हणून पिशवी काढून टाका' हा सल्ला संस्थेकडून आला तर तिथेच थांबा. १९९४ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या शिरूरच्या शासकीय संस्थेतल्या मुलींची गर्भाशयं अशीच काढली गेली होती आणि त्यावर देशभर गदारोळ झाला. आज २०१६ च्या अधिनियमाचं कलम १० सांगतं की तिच्या मोकळ्या, समजून दिलेल्या संमतीशिवाय वंध्यत्व आणणारी कुठलीही प्रक्रिया करता येत नाही. शिवाय गर्भाशय काढल्याने अत्याचार थांबत नाही, फक्त त्याचा पुरावा उरत नाही. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर तिला अंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका, कपडे कागदी पिशवीत ठेवा आणि थेट पोलीस आणि शासकीय रुग्णालय गाठा. 'आधी संस्थेत बसून मिटवू' हे ऐकूच नका.

पैसा, जमीन, करार

करार लेखी आणि मराठीत. त्यात काय काय हवं: मासिक शुल्क आणि त्यात काय येतं (डायपर, औषधं, दवाखान्यात नेणं बऱ्याचदा धरलेलं नसतं), शुल्क कधी आणि किती वाढेल, अनामत परत कधी मिळेल, दवाखान्यात भरती झाल्यास शेजारी कोण थांबेल, कोणत्या कारणाने काढून टाकता येईल आणि त्याआधी किती दिवसांची सूचना. सूचना निदान साठ दिवसांची मागा.

'एकदाच दहा लाख भरा, आयुष्यभर बघू' या योजनेत पडताना मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशोब धर्मादाय आयुक्त कार्यालयात सादर झालेत का बघा. तुमच्या रकमेचं व्याज त्याच्या खर्चाला पुरतं का, हा साधा हिशोब करा. पुरत नसेल तर आजचा खर्च उद्या येणाऱ्याच्या पैशातून भागतोय. आणि सातबाऱ्यावरचं त्याचं नाव कुणालाही, संस्थेलाही आणि सख्ख्या भावालाही, 'सांभाळण्याच्या बदल्यात' कमी करू देऊ नका. जमीन गेली की कोणाची गरज उरत नाही. त्याच्या नावे मृत्युपत्राने द्यायचं असेल तर भारतीय न्यास अधिनियम, १८८२ खाली खासगी न्यास करून दोन विश्वस्त नेमा, त्यातला एक घराबाहेरचा.

संजय गांधी निराधारचं अनुदान त्याच्याच बँक खात्यात येतं. संस्थेच्या कपाटात रहिवाशांच्या एटीएम कार्डांची चवड दिसली तर ते सोयीचं नाही, धोक्याचं आहे. हयातीचा दाखला दर वर्षी द्यावा लागतो, तो कोण देणार हे आत्ताच ठरवा. राष्ट्रीय न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना वर सांगितलेल्या चार प्रकारांना लाखापर्यंतचं संरक्षण देते, त्यात बाह्यरुग्ण खर्चही येतो. पण नूतनीकरण दर वर्षी, आणि ते हमखास विसरलं जातं. कॅलेंडरच्या मार्चच्या पानावर नूतनीकरणाची खूण करून ठेवा.

ठेवल्यावर

एकदम कायमचं ठेवू नका. आधी दोन दिवस, मग आठवडा, मग महिना. दाखल करताना वजन, हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड (डाऊन सिंड्रोम असेल तर थायरॉइड दर वर्षी) आणि अंगावरचे वण-डाग एका शरीराच्या आकृतीवर मांडून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. पुढे 'हा वण घरूनच आला होता' हा वाद राहत नाही. 'रुळेपर्यंत महिनाभर भेटायला येऊ नका' असं सांगणाऱ्याला विचारा, का? पहिल्याच महिन्यात सर्वांत जास्त बिनसतं. आठवड्यातून एक भेट आणि रोज ठरल्या वेळी एक व्हिडिओ कॉल एवढं धरून ठेवा.

दर भेटीत हे करा: नखं, तोंडाच्या आत, पाठ आणि टाचा बघा, वजनाची वही वाचा, औषधं मोजा, त्याच्या कपड्यांवर त्याचंच नाव आहे का बघा. अंगावर दुसऱ्याचा शर्ट दिसला तर औषधाचीही अदलाबदल होऊ शकते असं समजा. ऊसतोडीला गेलेल्यांनी गावातला एखादा नातलग, शिक्षक किंवा आशाताई यांना लेखी अधिकारपत्र देऊन भेटीसाठी नेमावं. ज्याच्याकडे कोणीच फिरकत नाही त्याच्याकडे संस्थेचंही लक्ष पातळ होतं.

तक्रार आधी संस्थेत लेखी, पोच घेऊन. सात दिवसांत हालचाल नसेल तर जिल्ह्याच्या दिव्यांग सक्षमीकरण किंवा समाजकल्याण कार्यालयाला, प्रत पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाला. मारहाण, उपाशी ठेवणं, शोषण यासाठी एवढं थांबायचं नाही. २०१६ च्या अधिनियमाच्या कलम ७ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि त्याला माणूस तिथून सोडवून दुसरीकडे सुरक्षित ठेवण्याचे आदेश देता येतात. पोलिसांत त्याच अधिनियमाच्या कलम ९२ चा उल्लेख करा. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं. त्या दिवशीचे तारखेसह फोटो आणि शासकीय डॉक्टरचा दाखला सोबत हवा.

माणूस बाहेर काढायची वेळ आलीच तर रिकाम्या हाताने निघू नका. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र), आधार, बँक पुस्तक, पालकत्वाचा आदेश, निरामय कार्ड, चालू औषधांची चिठ्ठी, महिनाभराच्या गोळ्या, वजनाच्या आणि फिटच्या वह्यांच्या झेरॉक्स, अनामतीची पावती. मूळ कागद संस्था थकबाकी दाखवून अडकवते, म्हणून मुळात दाखल करतानाच मूळ प्रती घरी आणि संस्थेला फक्त झेरॉक्स.